हत्ती गेला, सोंड राहिली

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर कॅरॅव्हॅन घेऊन जायचं, असं मी जानेवारीत जाहीर केलं तेव्हा हिने भाजी चिरणं थांबवलं नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळून चुकलंय, की माझी घोषणा आणि प्रत्यक्ष घटना यांच्यात पुष्कळ काळ जातो आणि तेवढ्यात भाजी शिजून, जेवून, भांडी घासून होतात.

कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. आमची जुनी होती, म्हणजे परवडणारी होती. आता ती ओढायचा अधिकार मला कसा, तर २०२१ च्या डिसेंबरात इथल्या ब्रिटिश सरकारने कायदा सैल केला. १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांनाही वेगळी परीक्षा न देता साडेतीन टनांपर्यंतचं धूड ओढायची मुभा मिळाली. हा निर्णय घेताना सरकारने माझं ड्रायव्हिंग पाहिलं नव्हतं.

रिव्हर्सचा सराव आम्ही लेस्टरमधल्या एका सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, रविवारी पहाटे करायचो. कॅरॅव्हॅन मागे नेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ती उजवीकडे जाते. ही बाहेर उभी राहून ओरडायची, "उजवीकडे! उजवीकडे!" मी विचारायचो, "कुणाच्या उजवीकडे?" यावर ती जे म्हणायची ते दिशादर्शक नव्हतं.

पण नियोजन! नियोजनात मला तोड नाही. एक्सेलच्या अठरा रकान्यांत मी सगळी आउटर हेब्रिडीज बसवली होती. बारा दिवस, चार बोटी. उलापूलहून स्टोर्नोवे. मग लुईस आणि हॅरिस. ही खरं तर एकाच बेटाची दोन नावं, भावाभावांनी मधे बांध घातल्यासारखी. हॅरिसच्या टोकाला लेव्हरबरा, तिथून खडकांमधून नागमोडी जाणारी तासाभराची बोट बर्नरेला. पुढे नॉर्थ यूस्ट, बेनबेक्युला, साउथ यूस्ट आणि एरिस्के, सगळी समुद्रात भराव टाकून रस्त्याने जोडलेली. मग बॅरा, आणि तिथल्या कॅसलबेहून ओबानला परत.

आईला रत्नागिरीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "अमावस्या बघून बोटीत बस." तिच्या माहेरी १७ जुलै १९४७ ची गटारी कुणी विसरलेलं नाही. त्या सकाळी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. मी तिला समजावू लागलो, की इथे सगळं आधुनिक आहे. बॅरा बेटावर तर विमानं चक्क वाळूवर उतरतात, भरती-ओहोटी बघून त्यांचं वेळापत्रक ठरतं.

"म्हणजे विमान ओहोटी बघतं," आई म्हणाली, "आणि तू अमावस्या बघणार नाहीस?"

एकोणिसावा रकाना: तिथी.

बुकिंग मार्चमध्येच उरकलं, कारण २००८ पासून या बेटांच्या बोटींचं भाडं रस्त्यावरून जाण्याच्या खर्चाच्या हिशोबाने आकारू लागले, तेव्हा भाडी उतरली आणि रांगा चढल्या. फॉर्ममध्ये कॅरॅव्हॅनची लांबी विचारली होती. माहितीपत्रकात 'बॉडी: ५.२० मीटर' असं होतं. मी ५.२० भरलं आणि चहा टाकला. या वाक्यावर वाचकांनी जरा लक्ष ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी वजन. कॅरॅव्हॅनला पुढे एक लोखंडी त्रिकोणी सांगाडा असतो आणि त्याच्या टोकाला गाडीच्या हुकावर बसणारी वाटी. आम्ही त्याला सोंड म्हणायचो. गाडीच्या हुकावर सोंडेचा भार किती पडावा याला मर्यादा असते. आमच्या गाडीची होती ७५ किलो. तो मोजायची सोपी रीत म्हणजे बाथरूममधला वजनकाटा अंगणात आणायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करायचा, पुढचं छोटं चाक फिरवत फिरवत सोंड खाली आणायची आणि अलगद ठोकळ्यावर टेकवायची. मी गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला लावून आकडा वाचला. ९४! त्या काट्यावर आपल्या नवऱ्याहून जड असं काही ही पहिल्यांदाच बघत होती. तिने फोटो काढला.

पुढचा कप्पा उघडला. दहा किलो इंद्रायणी, पाच किलो कणीक, कुकर, लोणच्याच्या दोन बरण्या आणि एक दगडी खलबत्ता.

"खलबत्ता?"

"बारा दिवस बिनलसणाचं जेवणार आहात का?"

सगळं उचलून बरोब्बर चाकांच्या वर, पलंगाखाली नेलं. आणखी मागे नेऊन चालत नाही. सोंड फार हलकी झाली, की वेगात शेपूट नाचू लागते आणि गाडीलाही नाचवते. काटा ७२ वर आला. सोंडेचं वजन मी ग्रॅमात सांगू शकलो असतो. सोंडेची लांबी मोजायचं काही कुणाच्या मनात आलं नाही.

उलापूलपर्यंत पाचशे मैलांहून जास्त रस्ता, दोन दिवस. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कॅरॅव्हॅनला ताशी ५० मैलांची मर्यादा, त्यामुळे स्कॉटलंडच्या ए-९ रस्त्यावर माझ्यामागे अशी वरात लागली, की फक्त बेंजो कमी होता. शुक्रवारी दुपारी लोखब्रूमच्या काठची उलापूलची पांढरी घरं दिसली, धक्क्यावर बोट दिसली, आणि मी हिच्याकडे अशा नजरेने पाहिलं जसं कोलंबसाने खलाशांकडे पाहिलं असेल.

पिवळ्या जाकिटातला एक माणूस रांगेतून कागद तपासत येत होता. त्याने आमची कॅरॅव्हॅन पाहिली, कागद पाहिला, पुन्हा कॅरॅव्हॅन पाहिली. मग खिशातून मोजपट्टी काढली. एक टोक मागच्या बंपरला लावून तो चालत पुढे आला. खोली संपली तरी चालत राहिला आणि सोंडेच्या टोकाशी थांबला.

"सहा साठ," तो म्हणाला. "तुम्ही पाच वीस लिहिलंय."

"पाच वीस बॉडी आहे," मी म्हणालो.

"आणि हे?" त्याने सोंडेवर हात ठेवला, माहूत ठेवतो तसा. "हे घरी ठेवून येणार होता?"

एक मीटर चाळीस सेंटिमीटर. बोटीवर इंचाइंचाने गाड्या लावलेल्या असतात. जागा उरली तर बघू म्हणून त्याने आम्हाला बाजूच्या रांगेत उभं केलं. आमच्या पुढे मेंढ्यांचा ट्रेलर होता. मेंढ्यांचं माप बरोबर भरलं होतं. त्या गेल्या. जाताना त्यातल्या एकीने जाळीतून माझ्याकडे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही. मग बोटीचं दार वर उचललं गेलं आणि अठरा अधिक एक रकाने स्टोर्नोवेच्या दिशेने माझ्याशिवाय निघून गेले. त्या दिवशी अमावस्या नव्हती. मी पुन्हा तपासलं.

खिडकीवरच्या बाईंनी मनापासून शोधलं. आमच्या मापाची जागा थेट पुढल्या गुरुवारी. नुसती गाडी असेल तर मात्र उद्या सकाळी, आणि सोमवारी परत. म्हणजे जो हत्ती विकत घेतला, शिकवला, तोलला आणि पाचशे मैल ओढत आणला, त्याला उलापूलच्या कॅम्पसाइटवर बांधून आम्ही दोघं शनिवारी बोटीत बसलो. अडीच तासांहून थोडा जास्त प्रवास. ही डेकवर डॉल्फिन शोधत होती, मी एक्सेलमधल्या ओळी खोडत होतो.

दुपारी लुईसवरचे कॅलॅनिशचे उभे दगड पाहिले. पाच हजार वर्षांपूर्वी लोकांनी ते ओढून आणून वर्तुळात उभे केले. "बघा," ही म्हणाली, "यांना सोंड नव्हती, म्हणून पोचले."

रात्री हॅरिसमध्ये एका आजीबाईंकडे कशीबशी खोली मिळाली. आणि रविवार उजाडला.

माझ्या शीटमध्ये रविवारची ओळ लाल अक्षरांत होती: 'सगळं बंद. जेवण आपलं आपण.' लुईस-हॅरिसमध्ये रविवार अजून देवाचा वार आहे. स्टोर्नोवेहून उलापूलला रविवारची बोट सुटू लागली तीच मुळी २००९ साली, तीही मोठ्या वादानंतर. तेव्हा माझं नियोजन अचूक होतं. फक्त ज्या जेवणावर ते उभं होतं, ते समुद्रापलीकडे पलंगाखाली, बरोब्बर चाकांच्या वर होतं.

दुकान बंद, हॉटेल बंद, पेट्रोल पंप बंद. तारेवर कपडे वाळत घातलेले नाहीत. लस्केंटायरच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पांढरी वाळू आणि हिरवंनिळं पाणी पाहून क्षणभर गुहागर आठवलं, आणि गुहागर आठवलं म्हणून भूक लागली. तेवढ्यात आईचा फोन.

"बोट मिळाली का?"

"आम्हाला मिळाली. कॅरॅव्हॅनला नाही."

ती जरा थांबली. "तांदूळ काढून घेतलेस ना?"

अठरा रकान्यांत न मावलेला प्रश्न तिने चार शब्दांत विचारला.

खोलीवर परतून आम्ही शॉर्टब्रेडचा शेवटचा चुरा समान वाटून घेत होतो, तेव्हा आजीबाई चर्चमधून आल्या. आमच्याकडे पाहून काही न विचारता त्यांनी चुलीवर मोठं पातेलं ठेवलं. मटण-बार्लीचं सूप कालच करून ठेवलेलं होतं, बटाटेसुद्धा कालच सोललेले. रविवारी काम करायचं नाही म्हणून सगळं शनिवारी. पातेलं चौघांचं होतं, आजीबाई एकट्या होत्या.

"दर शनिवारी जरा जास्तच करते," त्या म्हणाल्या. "कुणीतरी उपाशी येतंच."

मी खाली मान घालून जेवलो. ही मराठीत पुटपुटली, "अहो, यांच्याकडे एक्सेल नाही."

सोमवारी उलापूलला परतलो. हिने आधी कुकर लावला, मग बूट काढले. खलबत्त्यात लसूण ठेचल्याचा आवाज ऐकून शेजारच्या कॅरॅव्हॅनमधलं जोडपं चौकशीला आलं. उद्या बेटांवर निघालो म्हणाले. मी हातातला वरणभात खाली ठेवला आणि मोजपट्टी काढली.

पुढच्या दोन दिवसांत मी तीन जणांच्या सोंडा मोजून दिल्या. तिघांचंही बुकिंग चुकलं होतं आणि तिघांनीही ते खिडकीवर वेळेत दुरुस्त करून घेतलं. तिघंही चढले. आम्ही किनाऱ्यावरून हात केला.