वाईटपणा अण्णांच्या नावे

सांगलीत अण्णा एकटेदुकटे नसत. गावभागात गल्लीला एक, खणभागात वाड्याला एक आणि पुढं विश्रामबागेला बंगले उठले तेव्हा तिथंही प्लॉटागणिक एक. कुठं त्यांना दादा म्हणत, कुठं तात्या, कुठं आबा. पण माल एकाच वखारीतला. पांढरा शर्ट, काखेत छत्री, खिशाला दोन पेनं. एक लिहायला आणि दुसरं कुणी मागितलं तर द्यायला. दुसऱ्यात शाई नसायची. ती पिढी आता जवळजवळ संपली. जाता जाता तिनं मागच्यांची केवढी अडचण करून ठेवली, ते कुणीतरी सांगायला हवं.

आमच्या गल्लीतले अण्णा हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पौष-माघात नवी हळद यायला लागली की मार्केट यार्डात सौदे सुरू होत आणि अण्णा घरी फक्त झोपायला येत. नखं पिवळी, कॉलर पिवळी, खिशातल्या नोटा पिवळ्या. नवऱ्यामुलाला हळद एक दिवस लागते, अण्णांना ती चाळीस वर्षं लागली होती. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपर खाली ठेवून ते म्हणाले, "ह्यांना आत्ता कळलं व्हय? आमच्या बनियनला केव्हाच मिळालंय."

पेढीची कीर्द-खतावणी मिटली की रात्री आणखी दोन दुकानांचा जमाखर्च. विश्राम हा शब्द त्यांना फक्त विश्रामबागेपुरता मान्य होता. तापसुद्धा मार्केटला सुट्टी असेल त्या दिवशीच घेत. घरी आलेल्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू हिशेबाला वापरत, त्यामुळं कुणाचं लग्न ठरलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "पत्रिका एका बाजूनंच छापलीय ना?" सगळी पुंजी सांगली बँकेत. 1916 सालची बँक, आपल्या गावाच्या नावाची! 2007 साली ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा जुनं पासबुक काचेखालून सरकवत अण्णा म्हणाले, "नाव बदललं ते बदललं. शिल्लक तेवढीच आहे ना, बघा."

नाद एकच, नाटकाचा. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं याचा त्यांना अभिमान होता. "तिकीट लागलं ते दहा वर्षांनी, मुंबईला गेल्यावर," हे ते भावे नाट्यमंदिराच्या खिडकीशी उभं राहून तिकीट देणाऱ्याला ऐकवत. मग मुकाट्यानं शेवटच्या रांगेचं काढत.

पावसाळ्यात पेढीला उसंत मिळे, अण्णांना नाही. 1929 सालच्या आयर्विन पुलावर सांगलीकर पाणी बघायला जातात, अण्णा तपासायला जात. कोयनेतून किती सोडलं, वारणेचं किती आलं, अलमट्टीवाल्यांनी दारं उघडली का, याचा हिशेब त्यांच्याकडं पाटबंधारे खात्याच्या आधी तयार. सरकारी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. घरचं वेळापत्रक त्याला जोडलेलं: 38 फुटांना गव्हाची पोती माळ्यावर, 40 ला खतावण्या, 43 ला देव आणि 45 ला काकू. हा क्रम काकूंनी त्यांना जन्मभर विसरू दिला नाही. 2005 साली हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून साठवणीची हळद गेली, तेव्हा मालकाच्या आधी अण्णांना ताप भरला. त्या दिवशी मार्केटला सुट्टीही नव्हती. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. बचावपथकाची बोट माडीच्या खिडकीला लागली, तर पाय आत टाकण्याआधी अण्णांनी विचारलं, "माणशी किती?"

दोन मुलगे, मधली मुलगी. थोरला मार्कांवर वालचंदला गेला. धाकट्याचे मार्क जरा विरक्त वृत्तीचे होते, पण 1983 साली वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याचीही सोय झाली. अण्णा दादांचे कट्टर भक्त. तरी फीचा आकडा बघून म्हणाले, "दादांनी कॉलेज काढायची परवानगी दिली. त्याबरोबर नोटा छापायची दिली असती तर बरं झालं असतं." पुढची चार वर्षं रात्रीच्या कामात आणखी एका दुकानाची भर पडली आणि बाहेरचा चहा बंद झाला.

हे झाले डोळ्यांना दिसणारे कष्ट. अण्णांचं मोठं काम दुसरंच होतं आणि ते उघडकीला आलं ते गेल्यावर. अण्णा घरादाराचा वाईटपणा घेत असत.

गल्लीत त्यांची कीर्ती अशी: चिक्कू, हेकट, तुसडे. वर्गणीला मंडळाची पोरं आली की काकू म्हणायच्या, "मी दिली असती रे बाळांनो, पण अण्णांना चालत नाही." सोसायटीच्या कर्जाला कुणी पाहुणा जामीन मागायला आला की थोरला म्हणायचा, "माझी सही आत्ता घ्या की. फक्त अण्णांच्या कानावर गेलं तर..." पाहुणा अर्धा चहा ठेवून उठायचा. मुलीला मिरजेचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, तरी अण्णा म्हणाले, "मिरजेत द्यायची नाही." का? तर "लांब पडतं." सांगलीहून मिरज शहर बसनं अर्ध्या तासावर. 1998 साली दोन्ही गावांची महापालिका एक झाली, पण त्या पाहुण्यांनी अण्णांना पुन्हा रामराम घातला नाही. पोरांना पुण्याला पिटाळलं तेही अण्णांनीच. "इथं काय हळकुंडं मोजत बसणार? निघा." काकू महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाकरी वेळेवर वाढत, फक्त ताट जरा आवाज करून ठेवत.

तेराव्याला सगळी जमली. जेवणं झाली, सुपारी फिरली, माणसं जरा सैलावली. मुलगी म्हणाली, "मिरजेचं स्थळ मलाच नको होतं. विलिंग्डनचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. आदल्या रात्री अण्णांना सांगितलं. ते नुसतं 'बरं' म्हणाले." धाकटा म्हणाला, "पुण्याच्या नोकरीचं पत्र आठ दिवस माझ्या खिशात होतं. आईला सांगायचं धाडस होईना, म्हणून अण्णांना दाखवलं." थोरल्यानं घसा खाकरला. जामीनकीबद्दल त्यानं अण्णांना कधी विचारलंच नव्हतं. मग सगळे काकूंकडं बघायला लागले.

"माझ्याकडं काय बघता?" काकू म्हणाल्या. "दर गणपतीला तेच मला विचारायचे, यंदा वर्गणी किती ठरवलीस, आणि मी काय म्हणालोय?"

घरातल्या प्रत्येकानं आपापला नकार अण्णांच्या खात्यावर टाकला होता. पै-पैचा मेळ घालणाऱ्या या माणसानं त्याचा जाब कुणालाही विचारला नाही. गावात वाईट व्हायला काही लागत नाही, पण दुसऱ्याच्या वाटणीचं वाईट व्हायला फार मोठी शिल्लक लागते.

आता ती जागा रिकामी आहे. थोरल्यानं चालवून पाहिली. वर्षश्राद्धाच्या आत तो दोघांना जामीन राहिला आणि तिसऱ्याला उसने देऊन बसला. 'बघू या' म्हणणाऱ्याला कोण भितं? धाकटा 'नाही' म्हणतो खरा, पण म्हणताना हसतो, आणि समोरचा चहा संपेपर्यंत हलत नाही. हल्लीचे बाप मुलांचे मित्र असतात. चांगलंच आहे ते. पण 'आमच्या बाबांना चालत नाही' असं बाहेर सांगायचं, तर बाबांना काहीतरी न चालणारं असावं लागतं. ज्यांना सगळंच चालतं, त्यांच्या नावावर पोरांनी काय खपवायचं?

काकूंनी मात्र व्यवहार बंद पडू दिलेला नाही. परवा भाद्रपदाच्या तोंडावर मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली.

"काकू, यंदा पाचशे एक."

"मी दिले असते रे, पण अण्णांना चालत नाही."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं धीर करून म्हटलं, "काकू, अण्णा तर गेले की."

"गेले म्हणून काय झालं? चालत नाही ते नाहीच चालत. एकशे एक घ्या."

पोरानं पेन काढलं. "पावती कुणाच्या नावे फाडू? तुमच्या?"

"छे रे, अण्णांच्याच नावे फाड," काकू म्हणाल्या. "वाईटपणा त्यांनी घ्यायचा आणि पावती मी घ्यायची, हे बरं दिसत नाही."