काळीकाठी उडायचं कुठे?

ड्रोन उडवणं आता सोपं झालं आहे, निदान कागदावर तरी. 2021च्या ड्रोन नियमांनी जुने अर्ज-परवाने बरेच छाटले. हौसेखातर दोन किलोपर्यंतचं ड्रोन उडवणाऱ्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. ‘डिजिटल स्काय’वरच्या नकाशात हिरवा रंग दिसला, की 400 फुटांपर्यंत आभाळ आपलं.

मग हौशी वैमानिक शनिवार-रविवार गाठून कर्नाटकातल्या जोयड्यात उतरतो.

इथे हिरवं सगळीकडे आहे, फक्त ते झाडांचं. काळी नदी उगम पावते ती याच तालुक्यात, दिग्गीजवळ. पुढे तिचा काठ काळी व्याघ्र प्रकल्पाचा. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पंखा फिरवायचा नाही. मग 101 मीटर उंचीचं सुपा धरण. आणखी खाली कैगा अणुवीज केंद्र. समुद्राला भेटायला कारवारला जावं, तर शेजारी नौदलाचा ‘कदंब’ तळ. उड्डाणाला नाही म्हणण्याची इतकी सबळ कारणं 184 किलोमीटरांत गोळा करणारी नदी विरळाच.

नियम वाचायचे किंवा नकाशा उघडायचा, तर रेंज हवी. ती शोधत वैमानिक टेकडी चढतो, दम खातो आणि नियम मोडल्यास एक लाखापर्यंत दंड, हे तिथे वाचतो. दरम्यान डोक्यावरून धनेशाची जोडी आवाज करत जाते. नोंदणी क्रमांक नाही, उंचीची मर्यादा नाही आणि थेट गाभा क्षेत्रात. वैमानिक मोबाइलवर तिचाच व्हिडिओ काढतो आणि ड्रोन पिशवीत भरून जेवणाची चौकशी करायला खाली उतरतो.