कोडबहाद्दर

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू होण्यापूर्वी ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांच्या ज्या रांगा लागतात, त्या रांगांत अलीकडे एक नवा मनुष्यविशेष वावरू लागला असून सोयीसाठी त्याला ‘कोडबहाद्दर’ म्हणण्यास हरकत नसावी. तो मिस्त्री नव्हे, कारण त्याच्या नखांत ग्रीस नसते. तो शेतकरी असतो, पण त्याचा माल बहुधा भावाने आणलेला असतो. त्याची खूण म्हणजे खिशातली काडेपेटीएवढी डबी, जी स्टिअरिंगखालच्या खोबणीत खोचली की ब्लूटूथवरून मोबाईलशी बोलू लागते आणि इंजिनाच्या संगणकाने टिपून ठेवलेले दोष सांकेतिक आकड्यांत, म्हणजेच कोडमध्ये, पडद्यावर मांडते. लिलावापूर्वीच्या सक्तीच्या रिकामपणात अशा डबीला श्रोते कमी पडत नाहीत.

पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या पिकअपमध्ये त्याचा सर्वांत आवडता कोड म्हणजे पी०१७२. यातील ‘पी’ हे अक्षर इंजिन-गिअर विभागाचे, शून्य हे सर्व कंपन्यांना समान असलेल्या कोडचे आणि एक हा आकडा हवा-इंधनाच्या मोजमापाचा निदर्शक होय. पुढील दोन आकडे नेमका दोष सांगतात. कोडबहाद्दर मात्र फोड करीत बसत नाही, तो पडद्यावरचे ‘सिस्टीम टू रिच, बँक १’ हे शब्द खणखणीत आवाजात वाचून दाखवतो. इथे बँक म्हणजे इंजिनातील पहिल्या सिलिंडरची बाजू. परंतु ज्या गृहस्थाच्या आयुष्यात ‘रिच’ आणि ‘बँक’ हे शब्द प्रथमच एका वाक्यात आलेले असतात, तो क्षणभर कर्जमाफीची बातमी असावी अशा चेहऱ्याने पाहतो.

‘रिच’ याचा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. ती कमी पडली की धूर काळा होतो, प्लग काजळतो आणि अॅव्हरेज घसरते. हे प्रमाण राखण्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. १९७६ साली व्होल्वोच्या मोटारीत प्रथम आलेला हा जिन्नस १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ नियम लागू झाल्यावर सर्वसामान्य मोटारसायकलींपर्यंतही येऊन पोहोचला. धुरात ऑक्सिजन उरला नसेल तर तो सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो, भरपूर उरला असेल तर ०.१ च्या आसपास. त्यावरून संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. ही दुरुस्ती टक्क्यांत मोजतात व तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. पेट्रोल कापता कापता मुभा संपली, तरीही सेन्सर ‘अजून जास्तच आहे’ म्हणत राहिला, की संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो.

याचा अर्थ असा की पी०१७२ मध्ये सेन्सर हा बहुधा आरोपी नसून साक्षीदार असतो. सेन्सरच्या वायरमधूनच अवाजवी व्होल्टेज येत असेल तर त्यासाठी पी०१३२ हा निराळा कोड आहे, पण कोडबहाद्दरास हा भेद नगण्य वाटतो. “आबा, सेन्सर गेलाय,” हा निकाल तो दोन्ही प्रसंगी सारख्याच गांभीर्याने देतो. वास्तविक गळका इंजेक्टर, टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा व उघडाच अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह, हवा मोजणारा मळका सेन्सर, असे कितीतरी गुन्हेगार मोकळे फिरत असतात. पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बहकला असेल तर मे महिन्याच्या भर दुपारी इंजिनाची समजूत अशी होते की आपण निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे द्राक्षबागेतील शेकोटीपाशी उभे आहोत, आणि ते थंडीच्या हिशेबाने पेट्रोल मागत राहते.

गंमत अशी की हा निकाल निमूटपणे मान्य करणारे लोक लासलगावचे असतात. व्यापाऱ्याने वक्कल, म्हणजे विक्रीचा एका जातीचा ढीग, नुसता वरून पाहून भाव पुकारला तर भांडायला उठणारी, आणि त्याने तळापर्यंत हात घालून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वर काढली तरीही भांडायला उठणारी ही मंडळी मोबाईलवरच्या चार आकड्यांपुढे मान तुकवतात. याउलट रस्त्यापलीकडचा वयस्कर मिस्त्री आधी धुराचा वास घेतो, प्लग काढून पाहतो, मग इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमची एक नळी ओढून हवा आत सोडतो. व्होल्टेज तत्काळ खाली आले तर सेन्सर इमानदार आहे, हे त्याला कळते. पण यात वीस मिनिटे जातात आणि शेवटी तो “बघू” एवढेच म्हणतो. अशा माणसाचा दबदबा निर्माण होणे कठीणच.

नवा सेन्सर बसतो. कोडबहाद्दर ‘क्लिअर’ दाबतो, दिवा विझतो आणि दोष घडला तेव्हाचे तापमान, वेग वगैरे नोंदींचा पुरावाही त्यासरशी पुसला जातो. हा दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसल्याखेरीज दिवा सहसा पुन्हा लागत नसल्याने गाडी लिलाव आटोपून व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरवते आणि घरीही निर्विघ्न पोहोचते. पुढच्या खेपेस दिवा लागलाच, तर नवा सेन्सर डुप्लिकेट निघाला, असे स्पष्टीकरण तयार असते.

तोवर तो रांगेतील पुढच्या वाहनाकडे वळलेला असतो. ते वाहन पुष्कळदा वीस वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर असते, ज्यात संगणक नाही, सेन्सर नाही आणि डबी खोचायला खोबणही नाही. कोडबहाद्दर स्टिअरिंगखाली बराच वेळ चाचपडतो, मग धुराच्या काळ्या लोटातून बाहेर येऊन हात झटकतो आणि सांगतो, “काका, या गाडीत एकसुद्धा फॉल्ट नाही.”