ग्रोज दरीतील रक्तमोक्षण

नोकरीनिमित्त सिडनीस येऊन स्थिरस्थावर होतो न होतो तोच, सुटीच्या दिवशी पाठीवर बोचके बांधून रानावनांतून हिंडणे, ज्यास तेथील लोक ‘बुशवॉकिंग’ म्हणतात, ते केल्यावाचून या देशाचे अन्न पचणार नाही असा निवाडा आमच्या मराठी मित्रमंडळाने दिला. आणि जिना चढताना मध्येच वर्तमानपत्र वाचावयास बसणाऱ्या माझा तक्रारअर्ज दफ्तरी दाखल करून मला ब्लू माउंटन्समध्ये नेण्यात आले.

कटूंब्याचे ‘थ्री सिस्टर्स’ सुळके सर्वांनी पाहावेत तसे पाहिले. पुढे पेरीज लुकडाउनहून ग्रोज दरीत उतरावयाचे, म्हणजे अवघ्या दोनेक किलोमीटरांत सुमारे सहाशे मीटर खाली, हा उतार माझ्या गुडघ्यांनी स्वतंत्रपणे नोंदवून ठेवला आहे.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. तळाशी टेकलो आणि मोजा खाली करून पाहतो तो पोटरीवर एक जळू, तृप्तीने फुगलेली! मी जी आरोळी ठोकली तिने झाडांवरील काकाकुवे उडाले; परंतु आमच्यातील वैद्यबुवा, ज्यांस परदेशी आल्यापासून आयुर्वेदाचा रोगी मिळाला नव्हता, ते हर्षभराने धावले.

“हात लावू नका! सुश्रुताने जळवांचे बारा प्रकार सांगितले आहेत. सहा सविष, सहा निर्विष. आधी ही कोणती ते ठरवू.”

“अहो वैद्यबुवा, ती रक्त पिते आहे!”

“पिऊ दे. आधी ती दुष्ट रक्तच पिते. दंशाच्या जागी टोचू लागले, खाज सुटली, की शुद्ध रक्ताची पाळी आली असे समजावे, आणि मगच तिला काढावे. खाज सुटली का?”

“नाही.”

“म्हणजे दुष्ट रक्त अद्याप पुष्कळ शिल्लक आहे,” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे ज्या अनुकंपेने पाहिले तिचा मला आजही संताप येतो. इतर मंडळी त्या अवधीत निरनिराळ्या कोनांतून छायाचित्रे घेत होती. अखेरीस सुश्रुताच्याच आज्ञेप्रमाणे तिच्या मुखावर सैंधव घालावयाचे ठरले; सैंधव नव्हते, म्हणून उकडलेल्या अंड्यांसाठी आणलेल्या मिठाच्या पुडीवर भागविले आणि जळू गळून पडली. तिचा प्रकार मात्र बारांत बसेना. तिकडच्या भूचर जळवांना तीनऐवजी दोनच जबडे असतात, आणि सुश्रुतास ऑस्ट्रेलियाचा दौरा घडला नव्हता.

रक्त थांबेपर्यंत मी एका खोडाला टेकून वर पाहात राहिलो. गुळगुळीत, निळसर-पांढऱ्या बुंध्यांचे ते ब्लू गम वृक्ष इतके उंच आणि इतके निःशब्द उभे होते की क्षणभर पोटरीचा विसर पडला. 1931 साली ईस्टरच्या सुटीत असेच हिंडावयास आलेल्या काही मंडळींना येथे या जमिनीचा भाडेपट्टेदार भेटला, आणि हे अरण्य तोडून अक्रोड लावण्याचा त्याचा बेत कळला. तेव्हा जगभर मंदीने लोकांच्या चुली विझत असता, त्यांनी 130 पौंड उभे करून त्याचा पट्टा सोडवून घेतला. मोबदल्यात स्वतःसाठी काही मागितले नाही. झाडे तेवढी उभी राहिली.

इतक्यात दुसऱ्या पोटरीस खाज सुटली. वैद्यबुवा आनंदाने ओरडले, “शुद्ध रक्त!”

वाचकहो, ब्लू गमचे अरण्य अवश्य पाहावे. मोजे लांब घ्यावेत, मीठ खिशात ठेवावे आणि वैद्य बरोबर नेऊ नये.