बनारसी बुलेट आणि पायांचा प्रश्न

जुनी बुलेट विकत घेऊन ती ‘कस्टम’ करायला निघालेला माणूस टाकीच्या रंगावर महिनोन् महिने खल करतो, हँडलच्या रुंदीवरून मित्रांशी भांडतो, सायलेन्सरच्या आवाजाबाबत तर त्याची मतं कर्मठ असतात. पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न मात्र तो मिस्त्रीवर सोडतो आणि मिस्त्री तो वेल्डिंगवर सोडतो. वास्तविक गाडीवर बसणाऱ्याचा भार तीनच ठिकाणी टेकतो: सीट, हँडल आणि फूटरेस्ट. सीट चार बोल्ट सोडून बदलता येते, हँडलही तसंच. फूटरेस्ट हलवलं की त्याच्यामागून गियरचा लिव्हर, ब्रेकचं पेडल, किक आणि मागे बसणारं माणूस असं सगळं बिऱ्हाड हलतं. म्हणून माझं म्हणणं असं, की ही जागा गाडी उभी असताना कशी दिसते यावरून ठरवू नये, चालवताना पाय तिथून किती वेळा उतरतो यावरून ठरवावी. आणि या परीक्षेला वाराणसीइतकं कडक केंद्र दुसरं सापडणार नाही.

जागा मुळात तीन. पाय मागे आणि वर घेतले की ती ‘रिअरसेट’ बैठक, कॅफे रेसरवाल्यांची. १९५०-६० च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेपाशी जमणाऱ्या पोरांनी शर्यतीच्या मैदानातली ही बैठक रस्त्यावर आणली. पाय पार पुढे, इंजिनाच्याही पुढे ताणले की ती अमेरिकी चॉपरची बैठक. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या सिनेमाने तिचं वेड जगभर पसरवलं. आणि तिसरी, कारखान्याने दिलेली, मधली. काशीच्या भाषेत सांगायचं तर पहिलं वज्रासन, दुसरं चालत्या गाडीवरचं शवासन आणि तिसरं म्हणजे माणूस खुर्चीत बसतो तसं बसणं. पहिल्या दोन आसनांमागे शास्त्र नाही असं नाही. पाय मागे नेले की छाती टाकीवर झुकते, वारा कमी लागतो, गाडी वळणावर आडवी केली तरी फूटरेस्ट रस्त्याला घासत नाही. पाय पुढे ताणले की मैलोन् मैल सरळ रस्त्यावर गुडघे अवघडत नाहीत. फक्त दोन्हींना एक अट आहे: गाडी सतत चालली पाहिजे. गोदौलियाच्या चौकात संध्याकाळी सहा वाजता छातीवर येणारा वारा कमी करण्यासाठी कुणी पाय मागे नेले असतील, तर त्याची तपासणी मिस्त्रीने नव्हे, वैद्याने करावी. आणि शवासनाला काशीत जागेची वानवा नाही, पण ती मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर.

बनारसात पाय म्हणजे वाहनाचं तिसरं आणि चौथं चाकच आहे. पुढे ई-रिक्षा अचानक थांबते, पाय खाली. गल्लीच्या तोंडाशी सांड उभा असतो आणि त्याला हॉर्न हे आपलंच कौतुक वाटतं, पाय खाली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या जुन्या मराठी वस्तीच्या गल्ल्यांत तर गाडी चालवत नाहीत, दोन्ही पायांनी वल्हवत नेतात. समोरून दुसरी गाडी आली की ज्याला तातडी कमी तो मागे वल्हवतो. दीड क्विंटलहून जड बुलेट मागे सरकवायची तर पाय कमरेखाली सरळ उतरला पाहिजे. चॉपरवर तो आधी लांबून मागे आणावा लागतो, आणि तेवढ्या वेळात गाडी कलायला लागलेली असते. रिअरसेटमध्ये उलटी गंमत. पाय जिथे उतरायला हवा नेमकी तिथेच दांडी, आणि ती पोटरीवर बसते. मधलं फूटरेस्ट कमरेच्या किंचित पुढे असतं, त्यामुळे पाय त्याच्या मागून बिनबोभाट जमिनीवर जातो. यावर पुरावा हवा असेल तर दूधवाले पाहा. दोन्ही बाजूंना दुधाच्या भल्यामोठ्या कॅन टांगून पहाटे शहरात शिरणाऱ्या या मंडळींनी राजदूत, बुलेट काय वाटेल तशा वाकवल्या, वेल्डिंगच्या जोरावर त्यांना बैलगाडीची कामं लावली. पण पाय मागे नेलेला दूधवाला कुणाच्या पाहण्यात नसेल. तिथे कॅन असते. उपयोग माणसाला शहाणं करतो, तो असा.

यावर जाणकार म्हणेल, अहो, आता तयार किट मिळतात, लिंकेज मिळतं, अडचण कसली? अडचण जुन्या बुलेटच्या स्वभावात आहे. तिचा गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली. फूटरेस्ट मागे गेलं की गियरपर्यंत पोचायला एक तर मध्ये दांडी घालावी लागते, नाही तर लिव्हरच फिरवून मागे तोंड करून बसवायचा. फिरवला की क्रम उलटा होतो: वरचा खाली, खालचा वर. दांडी घातली तर दोन सांधे वाढतात, प्रत्येक सांध्याची थोडी ढिलाई, आणि दांडीने लिव्हरशी साधारण काटकोन केला नाही तर पाय भरपूर हलतो, गियर मात्र जागचा हलत नाही. किकही उजवीकडेच, तिच्या वाटेत नवं फूटरेस्ट आलं तर ते घडीचं घ्यायचं आणि दर वेळी आठवणीने मिटायचं. सगळ्यात नाजूक भाग ब्रेकचा. मागचा ड्रम ब्रेक म्हणजे शुद्ध तरफ. बोटाखालची भुजा आठ इंच आणि सळईकडची दोन इंच असेल तर पायाचा जोर चौपट होऊन पोचतो. सुबक दिसावं म्हणून पेडल चार इंचांचं केलं की तो दुप्पटच उरतो. सांडाला हे गणित समजावून सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळं जग डाव्या पायाने गियर टाकतं. अमेरिकेने तर १९७० च्या दशकाच्या मध्यात नियमच केला आणि ट्रायम्फसारख्या ब्रिटिश गाड्यांना मुकाट्याने पाय बदलावे लागले. मग घाबरलेल्या क्षणी उजवा पाय ब्रेक समजून गियरवर पडायचा, त्यापेक्षा बदलून घेतलेला बरा नाही का? भीती खरी आहे. पण तिच्यावर इलाज म्हणून इंजिनाखालून आडवा शाफ्ट घालून दोन्ही यंत्रणा इकडच्या तिकडे करण्यापेक्षा डाव्या गियरची नंतरची बुलेट घ्यावी. जिला उजवा गियर आहे तिला तो असू द्यावा. रोज दोन गाड्या आलटून पालटून चालवणाऱ्याने तर जुनीच्या वाटेलाच जाऊ नये.

आणि मागच्या माणसाचं काय? रिअरसेट बहुतेक वेळा बसवतात ते मागच्या फूटरेस्टच्याच जागी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार, फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक तरी झाकणारी जाळी मागतो, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. हा नियम दिल्लीत लिहिला असला तरी बनारसी शालूसाठीच लिहिल्यासारखा आहे. डाव्या बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईंच्या चपलेवर चालकाची टाच दर ब्रेकला आदळणार असेल, तर त्या कस्टम कामाचं आयुष्य पहिल्या लग्नसराईपुरतंच. शिवाय हौसेने ‘व्हिंटेज’ म्हणवून घेणाऱ्यांनी २०२१ चे नियमही वाचावेत. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, पण गाडी मूळ रूपात असली तर. चॅसी, इंजिन यांत मोठी उलथापालथ केलेली नसावी. फ्रेमला कटर लावला की गाडी कस्टम होईल, व्हिंटेज उरणार नाही. वर, ती पाटी रोजच्या वापरासाठी नसतेच. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा मोजक्या कामांपुरतीच मुभा. म्हणजे दोन्ही नावं एकाच गाडीला लावायची तर एक कागदावर खोटं पडतं.

उंच माणसांची तक्रार मात्र मान्य. सहाफुटी माणसाचे गुडघे मधल्या बैठकीत कोपराशी गप्पा मारतात. त्याने सीट जाड करावी, आणि फारच झालं तर फूटरेस्ट बोल्टच्या पट्टीवर इंचभर खाली किंवा पुढे घ्यावं, गियर-ब्रेकला हात न लावता. प्रयागराजच्या महामार्गावर दर रविवारी सुसाट जाणाऱ्यांनाही माझा विरोध नाही. त्यांनी वेगळी गाडी ठेवावी.

बाकीच्यांना एकच विनंती. फ्रेमला कटर लावण्याआधी गाडी एकदा भर संध्याकाळी बनारसच्या लंका मोहल्ल्यातून गोदौलियापर्यंत न्या. पाय किती वेळा जमिनीला लागला ते मोजा, आणि तो आकडा मिस्त्रीला सांगूनच पुढचं काय ते बोला.