बँकसाब

आमच्या इमारतीत त्यांना सगळे बँकसाब म्हणतात, पण बचत खातं सोडलं तर त्यांचा बँकेशी काडीचा संबंध नाही. नाव पडलं ते फोनमुळे. रोज सकाळी गॅलरीत उभं राहून ते मुंबईच्या कोणावर तरी ओरडत असत, "बँकेत फक्त दोन राहिलेत! परवा काय करणार?" खालच्या मजल्यावरच्या पाशाभाईंनी हे आठवडाभर ऐकलं. मग एका संध्याकाळी ते संकोचत वर आले आणि म्हणाले, "साब, बुरा नक्को मानो. पाच-दस हजार होना तो बोलो."

बँकसाबांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि तासभर समजावलं. बँक म्हणजे रोजच्या मालिकेचे शूटिंग, एडिटिंग सगळं उरकून दाखवायला तयार असलेले भाग. पाच-सहा शिल्लक असले की युनिटमधली माणसं एकमेकांशी गोड बोलतात. दोनवर आले की लेखकाचा फोन रात्री दोनला वाजतो आणि सेटवर दोन-दोन युनिटं लागतात. त्यातच एखादा नट तापानं फणफणला, तर मालिकेतल्या त्या जावयाला रातोरात कंपनीच्या कामासाठी नागपूरला जावं लागतं. पाशाभाईंना एवढंच कळलं, की गडी कडका नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

बँकसाब मूळचे उदगीरचे. २००० सालच्या जुलैत ई-टीव्ही मराठी सुरू झालं आणि या मराठी वाहिनीचा संसार मांडला गेला तो हैदराबादेजवळच्या रामोजी फिल्मसिटीत. मराठवाड्यातली, विदर्भातली, खानदेशातली पोरंपोरी बॅगा घेऊन इथं उतरली. कोणी बातम्या लिहायला, कोणी आवाज द्यायला, कोणी एडिटला. शहाण्या माणसांनी फिल्मसिटीच्या वाटेवर खोल्या घेतल्या. बँकसाबांनी तीसेक किलोमीटर अलीकडची, शहरातली नामपल्ली धरली. का, तर "स्टेशन जवळ पाहिजे. कधी गावाकडं पळावं लागंल, सांगता येतं का?" बॅकअप असल्याशिवाय या माणसानं कधी पाऊल उचललेलं नाही.

२०१५ मध्ये वाहिनीचं नाव बदलून कलर्स मराठी झालं. तोवर बरीच मंडळी मुंबई-पुण्याकडे पांगली होती. बँकसाब राहिले. वहिनींची शाळेतली नोकरी इथं, मुलाचे मित्र इथं आणि मुख्य म्हणजे बिर्याणी इथं. आता ते घरी बसून तेलुगू चित्रपटांचे मराठी संवाद लिहितात आणि मुंबईच्या एका मालिकेची वन-लाइन, म्हणजे भागांचा गोषवारा, फोनवरून दुरुस्त करतात. म्हणून तो सकाळचा आरडाओरडा.

त्यांच्या घरात प्रत्येक गोष्टीची बँक असते. उस्मानिया बिस्किटांचे न फोडलेले पुडे, ज्वारीच्या पिठाचा जादा डबा, छत्री हरवली तर दुसरी छत्री आणि ती हरवली तर तिसरी. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी यांनी एक मुलगी बॅकअपला ठेवली होती की काय, मला अजून शंका आहे."

आतून आवाज आला, "ठेवली होती. पण टेलिकास्ट तुझंच झालं ना?"

नोकरीनं त्यांच्या हाडामाशात एक भीती मुरवली आहे. पडदा काळा जाता कामा नये. चार माणसं बसलीत, गप्पा जरा थांबल्या, की बँकसाब कासावीस होतात. लगेच फिलर, आधी इथल्या वार्षिक प्रदर्शनाचा. "नुमाइश आधी पब्लिक गार्डनमध्ये भरायची, माहिताय का? १९३८ ला. इथं एक्झिबिशन ग्राउंडवर आली ती १९४६ ला." आम्हाला माहीत असतं, कारण मागच्या शांततेत त्यांनीच सांगितलेलं असतं. मग पब्लिक गार्डनच्या संग्रहालयातली इजिप्तची ममी येते. "हजारो वर्षांची बाई आपल्या घरापासून चालत जायच्या अंतरावर झोपलीया, आणि तुम्ही मॉलला जाता." तरीही कोणी काही बोललं नाही, तर शेवटचं अस्त्र : "चार दिवस सासूचे! नाव चार दिवसांचं, चालली २००१ पासून २०१३ पर्यंत. तीन हजारांवर भाग. बँक काय असंल विचार करा!" हे म्हणताना त्यांचा आवाज घोगरा होतो. दुसऱ्या कोणाचा तो ज्ञानेश्वरीबद्दल बोलताना होतो.

त्यांच्यासोबत टीव्ही पाहणं ही मात्र शिक्षा आहे. वहिनी रात्री मालिका लावून बसल्या, की हे "काय पाहायलाव?" करत शेजारी येऊन टेकतात.

"हा जिना बघा. वर काही नाही. वर गेलेला माणूस फळीवर उभा हाय आणि खाली स्पॉटदादा त्याचा चहा धरून."

"तुम्ही गप्प बसा."

"सासू सुनेकडं बघून रडायलीय ना? सून समोर न्हाईच. सुनेची शिफ्ट दुपारी संपली. समोर असिस्टंट डायरेक्टर हाय, दाढीवाला. त्याच्याकडं बघून रडायलीय."

वहिनी डोळे पुसता पुसता थांबतात. एकदा दाढीवाला दिसला, की सून काही केल्या दिसत नाही. आमच्या इमारतीतल्या तीन घरांनी या कारणासाठी बँकसाबांना मालिकेच्या वेळी दार उघडायचं बंद केलं आहे. गंमत अशी, की भाग संपला की सगळ्यांत आधी तेच विचारतात, "उद्याचा प्रीकॅप दाखवला का? त्या पोरीचं काय झालं?"

गुरुवारी त्यांच्या वाटेला जायचं नाही. त्या दिवशी टीआरपीचे आकडे येतात. आकडा वर असला तर वहिनींना गजरा, पाशाभाईंच्या नातवाला चॉकलेट. खाली असला तर समोरच्या फळवाल्याशी सीताफळावरून भांडण. त्यांच्याकडे खालच्या आकड्यावर तीन औषधं आहेत : लग्न, अपघात आणि लीप. ती ते आयुष्यालाही लावून बघतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून वाद पेटला, तेव्हा बँकसाब उठून गंभीरपणे म्हणाले, "हा ट्रॅक संपलाय. पाच वर्षांचा लीप घ्या, नवा सेक्रेटरी आणा." जुने सेक्रेटरी समोरच बसले होते. त्यांनी महिनाभर बँकसाबांच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

डबिंग सुरू झाल्यापासून त्यांना आणखी एक खोड लागली आहे. ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, ओठांकडे बघतात. पडद्यावर नटाचे ओठ मिटले, की तिथं प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी बसवावं लागतं, नाहीतर बाई एक बोलते आणि तोंड दुसरंच. हा हिशोब आता चोवीस तास चालतो. नामपल्ली मेट्रोच्या फलाटावर आम्ही एलबी नगरच्या गाडीची वाट बघत होतो. समोरच्या फलाटावर एक जोडपं हातवारे करत भांडत होतं. आवाज येत नव्हता. बँकसाबांनी लगेच पट्टी जोडली.

"मीच का भरू बिल?" तिचे ओठ मिटले, उघडले, तंतोतंत.

"माझ्या बापाला मधे आणू नकोस." त्याचेही तंतोतंत.

दोन मिनिटांत त्यांनी वीजबिल, सासरे आणि बिघडलेला मिक्सर असा पूर्ण सीन उभा केला. तेवढ्यात ती हसली. बँकसाब चिडले. "इथं हसू कुठून आलं? लिहिलेलंच न्हाई!"

टेपची गोष्ट ते वर्षातून एकदा तरी सांगतात. त्या रात्री दाखवायच्या भागाची बीटा टेप मुंबईहून येणाऱ्या माणसापाशी होती, हुसेनसागर एक्सप्रेस पावसानं अडकली होती आणि बँकसाब नामपल्ली स्टेशनवर जीप चालू ठेवून उभे होते. मी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा टेप प्रक्षेपणाच्या तासभर आधी पोचली होती. पुढे ती वीस मिनिटांवर आली. हल्ली शीर्षकगीत सुरू झालेलं असतं आणि बँकसाब जिन्यावरून धावत असतात. वहिनी म्हणतात, "अजून दोन वर्षांनी टेप पोचणारच नाही, बघा."

असं सगळं असूनही आमच्याकडे कुठलंही कार्य निघालं, की पहिली हाक त्यांनाच जाते. पाशाभाईंच्या मुलीचं लग्न इथल्याच एका फंक्शन हॉलमध्ये होतं. पाहुणे जमले, काझीसाहेब आले, बारातीचा पत्ता नाही. टोलीचौकीहून निघालेली बारात मेहदीपटणमला वाहतुकीत रुतली होती. पाशाभाईंच्या कपाळावर घाम. एरवी दहा माणसांना धीर देणारा हा माणूस खांबाला टेकून उभा राहिला. बँकसाबांनी खिशातून कागद काढला. त्यावर रनडाऊन होता आणि त्याच्या खाली, वेगळ्या शाईत, बारात एक तास उशिरा आली तर काय आणि दोन तास आली तर काय. लुख्मीची दुसरी फेरी सोडली. फोटोग्राफरला आजोळचे, मग ददिहालचे, मग फक्त जावयांचे फोटो काढायला लावलं. एका वृद्ध चाचांना माइक देऊन जुन्या नामपल्लीच्या आठवणी सांगायला बसवलं. पोरांना गाणी म्हणायला लावली. एक क्षण हॉल रिकामा वाटू दिला नाही. बारात आली, तेव्हा अर्ध्या पाहुण्यांना ती उशिरा आली हेच कळलं नव्हतं. पाशाभाई अजून ज्याला-त्याला सांगतात, "बँकसाब थे तो इज्जत रह गई." बँकसाबांना विचाराल तर ते म्हणतील, "काही न्हाई हो. ब्लँक जाऊ दिलं न्हाई, एवढंच."

मी त्यांच्यावर लिहितोय, हे त्यांना कळायचं ते कळलंच. जिन्यात गाठून त्यांनी विचारलं, "कधी जायलंय?"

"ठरलं नाही अजून."

"बँकेत किती आहेत?"

"एकच. तुमच्यावरचा."

त्यांचा चेहरा उतरला. "एकावर कसं भागंल हो?" म्हणत ते वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून एक कागद आत सरकला. इमारतीतल्या माणसांची यादी आणि प्रत्येकापुढे वन-लाइन. पाशाभाई : 'उधार देतो, मागत नाही. दोन भाग सहज निघतील.' जुने सेक्रेटरी : 'रुसका, पण टाकी स्वतः धुतो. लीपनंतर परत आणावा.' वहिनी : 'हिच्यावर कितीही लिहा, पुरणार नाही.' सगळ्यात शेवटी माझं नाव होतं. पुढे लिहिलं होतं : 'दुसऱ्यांच्या घरचं ऐकतो आणि लिहितो. ट्रॅक कमजोर. बँक अगदीच रिकामी झाली तर वापरावा.'