सोवळ्यातलं रजिस्टर लग्न

भटजी नको, काझी नको, पाद्रीही नको, असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याकडे रजिस्टर लग्न असतं. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, पेढे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात देवाधर्माला जागाच नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

या कायद्याचा १८७२ चा पूर्वज फारच कर्मठ होता. त्याच्याखाली लग्न करायचं तर आधी लिहून द्यावं लागे : आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्तीही नाही. जोडीदार हवा तर धर्म सोडा! ही अट १९५४ मध्ये गेली. पण १९७६ मध्ये कलम २१ अ आलं आणि धर्म मागच्या दाराने परतला. दोघं हिंदू असतील तर वारसा हिंदू कायद्याने; एकत्र कुटुंबातल्या हिंदूने धर्माबाहेर लग्न केलं, तर कलम १९ नुसार तो कुटुंबातून आपोआप विभक्त.

२०२३ च्या एप्रिलमध्ये समलिंगी जोडपी याच कायद्याचा आधार मागत सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. व्यक्तिगत कायद्यांना हात लावणार नाही, असं घटनापीठाने सुरुवातीलाच सांगितलं. तरी विरोधाला जमियत उलेमा-ए-हिंद हजर आणि अखिल भारतीय संत समितीही हजर. एरवी यांना एका मांडवात बसवायचं तर बंदोबस्त लागावा. सरकारला ही मागणी ‘शहरी उच्चभ्रूं’ची वाटली.

१७ ऑक्टोबरला निकाल लागला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायद्यात बदल करायचा तर तो संसदेने, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. नागरी सहजीवनाचा हक्क तीन विरुद्ध दोन असा हुकला. एक अडचण अशी सांगितली गेली, की या कायद्याचा धागा ओढला तर वारशासकट इतर कायद्यांचं जाळं हलेल. म्हणजे धर्ममुक्त कायद्याचा पदर धर्माच्या कायद्यांनाच बांधलेला! जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

सरकारने मधल्या काळात अगदीच काही दिलं नाही, असं म्हणता येणार नाही. शिधापत्रिकेसाठी अशी जोडपी एकाच घरातली धरावीत, अशी सूचना निघाली. संयुक्त बँक खात्याला आणि जोडीदाराला नॉमिनी करायलाही हरकत नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

नॉमिनी मात्र पैशांचा मालक होत नाही, तो वारसांसाठी पैसे सांभाळतो. मृत्युपत्र न करता एक जोडीदार गेला, तर वारस कोण हे त्याच्या धर्माचा कायदा सांगणार. आईवडील हयात नसतील, तर बहुधा बोलणं टाकलेला गावचा भाऊ.